मानशीची दोरी कुणाकडे? कंपनीचा रिमोट ॲक्सेस बाहेर सोपवण्याआधी

२०२० च्या मार्चअखेर गोव्याच्या सीमा बंद झाल्या आणि वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कितीतरी कंपन्यांचे अकाउंटंट, स्टोअरवाले, क्वालिटीवाले गोवा-महाराष्ट्र सीमेवरच्या पत्रादेवी नाक्याच्या पलीकडे अडकले. बांदा, दोडामार्ग, सावंतवाडीहून रोज येऊन-जाऊन करणारी ही माणसं. इकडे पगार काढायचे होते, जीएसटी भरायचा होता, माल पाठवायचा होता. मग जे सुचेल ते केलं गेलं. कुणी राउटरवर एक पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची एक वाट, उघडं टाकलं, कुणी दुरून कॉम्प्युटर चालवू देणारं एनीडेस्क बसवून ऑफिसचा कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू ठेवला, कुणी फायरवॉलमध्ये आधीपासून असलेलं पण कधी न वापरलेलं व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आत येण्याचा सुरक्षित बोगदा, सुरू केलं. पुढे सीमा उघडल्या, माणसं परत कामावर आली. ती दारं मात्र अनेक ठिकाणी तशीच उघडी राहिली.

आता त्याच कंपन्यांच्या मालकांपुढे एखादी आयटी एजन्सी प्रस्ताव घेऊन येते. तुमच्या लोकांचं घरून, गावावरून, दौऱ्यावरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये येणं-जाणं आम्ही सांभाळतो, माणशी महिन्याला इतके रुपये द्या. घ्यावं का? मी नेटवर्कचंच काम करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. पाच-सहा जणांची स्वतःची आयटी टीम नसलेल्या कंपनीने हे काम बाहेर द्यावं. पण आत कोण येणार हे ठरवण्याचा हक्क आणि सगळ्यात वरची किल्ली कंपनीतच राहिली पाहिजे. हे दोन्ही एकत्र देऊन टाकणाऱ्या कंपन्या मी पाहिल्या आहेत, म्हणून एवढ्या तपशिलात लिहितोय.

मानस कशी चालते

आपल्याकडची खाजन शेती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना नेटवर्कचं दार समजायला वेळ लागत नाही. नदीच्या खाऱ्या पाण्यापासून शेत वाचवायला बांध घातलेला असतो आणि बांधात मानस असते. मानशीच्या लाकडी फळ्या अशा बसवलेल्या असतात की ओहोटीला शेतातलं पाणी त्यांना ढकलून बाहेर जातं आणि भरतीला बाहेरचं पाणी दाबलं की त्या आपोआप मिटतात. फायरवॉल साधारण असंच वागते. आतल्या माणसाने बाहेरची वेबसाइट उघडली तर जाऊ देते आणि तिचं उत्तर आत घेते. बाहेरून कुणी न विचारता आत येऊ पाहिलं तर अडवते.

रिमोट ॲक्सेस म्हणजे भरतीच्या बाजूने मुद्दाम ठेवलेली फट. बांद्याच्या घरातल्या लॅपटॉपला वेर्ण्याच्या सर्व्हरपर्यंत पोहोचायचं असेल, तर बाहेरून आत यायला वाट द्यावीच लागते. व्हीपीएन ही त्यातली प्रचलित वाट. सार्वजनिक इंटरनेटमधूनच, पण वाटेत कुणाला वाचता येणार नाही अशा सांकेतिक स्वरूपात माहिती नेणारा बोगदा. बोगद्याच्या तोंडाशी ओळख विचारली जाते, ओळख पटली की माणूस आत.

आमची कंपनी लहान, आमच्या मागे कोण लागणार, असं मला हमखास ऐकवलं जातं. मागे कुणी लागावंच लागत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी झीमॅप नावाचं साधन दाखवलं. एका साध्या कॉम्प्युटरवरून, गिगाबिटची लाइन असेल तर, नेहमीच्या इंटरनेटवरचे सगळे पत्ते त्याने पाऊण तासात तपासता येतात की कुणाचं अमुक पोर्ट उघडं आहे. विंडोजचा कॉम्प्युटर दुरून चालवण्याचं पोर्ट ३३८९ क्रमांकाचं. ते उघडं असेल तर तुमचं नाव, गाव, उलाढाल काहीही ठाऊक नसताना यंत्रं दार ठोठावत बसतात. चोवीस तास.

आता मानशीची दुसरी बाजू. मानशीवर मासे धरण्याचा हक्क लिलावात ठेकेदाराला दिला जातो. ठेकेदाराला भरतीचं पाणी जास्त आत आलेलं हवं असतं, कारण त्याच्याबरोबर मासळी येते. शेतकऱ्याला ते नको असतं, कारण खारं पाणी शेतात राहिलं की भात जातं. यात ठेकेदार वाईट माणूस असायची गरज नाही. तो त्याच्या धंद्याचं पाहतो. आयटी एजन्सीचंही तसंच. तिला तक्रारी कमी यायला हव्या असतात, आणि तक्रारी कमी करण्याचा सोपा उपाय म्हणजे सगळ्यांना सगळं उघडून देणं.

बाहेर देतोय म्हणजे नेमकं काय देतोय

‘रिमोट ॲक्सेस’ हा शब्द एक असला तरी त्याखाली बरीच कामं येतात, आणि ती वेगवेगळी करून पाहिली की निर्णय निम्मा सुटतो. बोगद्याच्या तोंडाशी असलेलं यंत्र किंवा सेवा चालू ठेवणं, तिचे पॅच, म्हणजे त्रुटी बुजवणारे बदल, वेळेवर टाकणं, हे झालं राबण्याचं काम. पासवर्ड विसरलेल्या माणसाला मदत करणं, हेल्पडेस्कचं. रात्री अडीच वाजता कुणी लॉगिन केलं, सतत चुकीचा पासवर्ड कुठून येतोय, हे पाहणं राखणीचं. आणि अमुक माणसाला आत घ्यायचं, त्याला पगाराचा फोल्डर दिसू द्यायचा की फक्त स्टॉकचा, तो नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचं खातं बंद करायचं, हे मालकीचं काम.

पहिली तीन विकत घेता येतात. चौथं विकत देणारा माणूस तुमच्या कंपनीत कोण कधी आला आणि कधी गेला हे जाणतच नाही. एजन्सीला ते तुम्हीच कळवायचं असतं, आणि नेमकं तेच कळवायचं राहून जातं.

२०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेत कोलोनियल पाइपलाइन ही इंधनवाहिनी काही दिवस बंद पडली, तिथल्या पूर्व किनाऱ्यावर पेट्रोल पंपांसमोर रांगा लागल्या, कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलरची खंडणी भरली. चोर आत आले ते एका जुन्या व्हीपीएन खात्यातून. ते खातं वापरात असायलाच नको होतं आणि त्याला पासवर्डशिवाय दुसरी ओळख मागितली जात नव्हती. कंपनी अवाढव्य होती, आयटी विभाग स्वतःचा होता. तरीही एक दार विसरलं गेलं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण ‘आपल्या घरात ठेवलं म्हणजे सुरक्षित’ असं मानणारे मालकही मला भेटतात.

आठवड्याचे १६८ तास

बाहेर देण्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा साधा हिशोबाचा आहे. आठवड्यात १६८ तास असतात. एक माणूस ४८ तास काम करतो. म्हणजे दार चोवीस तास राखायचं तर साडेतीन माणसं लागतात, आणि रजा, आजारपण, सण धरले तर पाच. साठ-सत्तर माणसांच्या कंपनीत आयटीचा एकच मुलगा असतो, तोच प्रिंटर पाहतो, तोच सीसीटीव्ही, तोच टॅली. चवथीला तो गावी जातो. गेलंच पाहिजे त्याने. पण दाराला चवथ नसते.

२०२१ च्या जुलैत कासेया नावाच्या अमेरिकी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून मोठा हल्ला झाला, तो अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्ट्या लागता लागता, शुक्रवारी. सुट्टीच्या तोंडावर हल्ला करायचा ही चोरांची जुनी रीत. आणखी एक उदाहरण. २०२४ च्या जानेवारीअखेर अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने तिथल्या केंद्र सरकारी खात्यांना हुकूम दिला की इव्हान्टी कंपनीची व्हीपीएन यंत्रं ४८ तासांच्या आसपास नेटवर्कवरून काढून ठेवा, त्यातल्या त्रुटींतून घुसखोरी चालू आहे. तुमच्याकडे तसंच यंत्र असतं, तर त्या रात्री ही बातमी तुमच्या कंपनीत कुणी वाचली असती? वाचून, समजून, यंत्र बंद करण्याची हिंमत कुणी केली असती? याचं उत्तर ‘कुणीच नाही’ असेल तर बाहेरची मदत घ्या. तीस ग्राहकांचं काम पाहणाऱ्या एजन्सीला पाच माणसं पाळीने बसवणं परवडतं, तुम्हाला परवडत नाही.

पण कासेयाच्या त्या हल्ल्याचीच उलटी बाजूही पाहावी लागते. ते सॉफ्टवेअर अशाच आयटी एजन्सी वापरत होत्या, आपल्या ग्राहकांचे कॉम्प्युटर दुरून सांभाळण्यासाठी. चोरांनी साठेक एजन्सींमधून दीड हजारपर्यंत कंपन्या गाठल्या. स्वीडनमधल्या कूप या दुकानसाखळीची सुमारे ८०० दुकानं बंद ठेवावी लागली, कारण गल्ल्याची यंत्रणा चालवणारा पुरवठादार कासेयाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांत कुठेतरी होता. एजन्सीकडे तीस कंपन्यांच्या किल्ल्या असतात, म्हणून चोराला तुमच्यापेक्षा एजन्सीचं दार जास्त मोलाचं वाटतं. एजन्सी निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा: तुमच्या माणसाने आमच्यात यायचं तर त्याला पासवर्डशिवाय दुसरी कोणती ओळख द्यावी लागते? उत्तर द्यायला ते अडखळले तर पुढची बैठक नको.

हेल्पडेस्कवरचा मधाळ आवाज

एक प्रकरण मला या सगळ्यांत जास्त शिकवून गेलं. क्लोरोक्स या अमेरिकी कंपनीवर २०२३ च्या ऑगस्टमध्ये हल्ला झाला. जुलै २०२५ मध्ये तिने आपला हेल्पडेस्क सांभाळणाऱ्या कॉग्निझंटवर कॅलिफोर्नियात खटला भरला. आरोप असा की चोराने हेल्पडेस्कला फोन करून आपण कर्मचारी असल्याचं सांगितलं आणि पुरेशी ओळख न पटवता त्याला नवा पासवर्ड दिला गेला. नुकसानीचा दावा सुमारे ३८ कोटी डॉलरचा. कॉग्निझंटचं म्हणणं, आम्ही मर्यादित हेल्पडेस्कचं काम घेतलं होतं, तुमची सायबर सुरक्षा आमच्याकडे नव्हती.

यातलं खरं-खोटं न्यायालय पाहील. आपल्यासाठी महत्त्वाचं आहे ते दोघांच्या बोलण्यातलं अंतर. एकाला वाटत होतं ओळख पटवणं कामातच धरलेलं आहे, दुसरा म्हणतो आमची हद्द इथपर्यंतच. हे अंतर करार करतानाच कागदावर मिटवावं लागतं. फोनवर पासवर्ड बदलून मागणाऱ्याची ओळख कशी पटवायची, हे एका वाक्यात लिहा. माझ्या ग्राहकांना मी सांगतो ती पद्धत जुनाट वाटेल, पण चालते. एजन्सीने त्या माणसाच्या वरिष्ठाला कंपनीकडे नोंदवलेल्या नंबरवर स्वतः फोन करायचा आणि त्याने ‘हो’ म्हटल्यावरच बदलायचं. फोन करणाऱ्याने दिलेल्या नंबरवर उलटा फोन करून उपयोग नाही. गोव्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, ‘अरे, मी बोलतोय, आवाज ओळखला नाहीस?’ म्हटलं की आपण विरघळतो. त्यामुळे आपल्याकडे हा नियम जास्तच कडक हवा.

पर्वरी ते वेर्णा, मुंबईमार्गे

काही सेवांमध्ये बोगद्याचं तोंड तुमच्या कारखान्यात नसतं, ते सेवा देणाऱ्याच्या मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये असतं. म्हणजे पर्वरीत घरी बसलेला माणूस वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या वेर्ण्याच्या सर्व्हरशी बोलतो, पण बोलणं मुंबईला जाऊन परत येतं. एका खेपेला धरा २० मिलिसेकंद जास्त लागले. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरला याने फरक पडत नाही. पण जुन्या धाटणीचं हिशोबाचं सॉफ्टवेअर एक लेजर उघडायला सर्व्हरकडे ५०० खेपा घालत असेल, तर २० मिलिसेकंद गुणिले ५०० म्हणजे दहा सेकंद. दर लेजरला दहा सेकंद! आठवड्याभरात अकाउंट्सचे लोक वैतागतात आणि गुपचूप एनीडेस्क परत बसवतात. ही मागची वाट कुणाच्या नोंदीत नसते. म्हणून सही करण्याआधी महिनाभर चाचणी घ्या, आणि चाचणीला कंपनीतला सगळ्यात जुना प्रोग्राम आणि सगळ्यात कुरकुरणारा माणूस बसवा.

उलट प्रकारही असतो. दार कारखान्यात ठेवलं आणि घरी बसलेल्यांची सगळीच वाहतूक, अगदी व्हिडिओ मीटिंगसुद्धा, बोगद्यातून नेली, तर चाळीस जणांचे दोन-दोन एमबीपीएस म्हणजे ८० एमबीपीएस कारखान्यात येतात आणि तेवढेच परत बाहेर पडतात. शंभरची लाइन तिथेच गुदमरते. यावर उपाय म्हणजे कंपनीच्या सर्व्हरकडे जाणारंच बोगद्यातून नेणं आणि बाकीचं थेट इंटरनेटवर सोडणं. चांगली एजन्सी हा विषय स्वतःहून काढते.

आणि एक गोष्ट कुणीही सेवा दिली तरी सुटत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा गोव्यात कोविडचा कर्फ्यू होता, माणसं घरून काम करत होती, आणि झाडं-खांब पडून अनेक भागांत वीज गेली होती. सर्व्हर कारखान्यात असेल आणि कारखान्याची वीज किंवा लाइन गेली, तर मुंबईतलं दार कितीही मजबूत असून फायदा नाही. दोन वेगळ्या कंपन्यांच्या, वेगळ्या रस्त्याने येणाऱ्या लाइन आणि सर्व्हरच्या खोलीला पुरेसा बॅकअप, हा खर्च तुमचाच. प्रस्तावातल्या रकमेत तो धरलेला नसतो.

हॉटेलवाल्यांसाठी वेगळं सांगतो. सीझनमध्ये तुमची माणसं वाढतात, पावसाळ्यात निम्मी होतात. माणशी दराचा करार करताना किमान संख्या किती लावली आहे ते पाहा. डिसेंबरची संख्या जुलैलाही भरायला लावणारे करार मी वाचलेत.

कायदा कुणाला विचारणार

भारतात सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आणि यंत्रणांचे लॉग, म्हणजे यंत्रणेत काय कधी घडलं याच्या नोंदी, १८० दिवस जपून ठेवायचे. हे कंपन्यांनाही लागू आहे. आता विचार करा, लॉग एजन्सीच्या यंत्रावर आहेत, एजन्सीला रविवारी पहाटे घुसखोरी दिसली आणि तिने तुम्हाला सोमवारी दहा वाजता फोन केला. सहा तास कधीच उलटले. एजन्सीने किती वेळात कळवायचं हे करारात लिहिलेलं हवं, आणि माझ्या मते ते दोन तासांपेक्षा जास्त नको. लॉगची प्रतही दर आठवड्याला तुमच्याकडे यायला हवी.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा याहून स्पष्ट बोलतो. लोकांची माहिती तुम्ही गोळा केली असेल आणि तुमच्या वतीने दुसरा ती हाताळत असेल, तरी जबाबदारी तुमची. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. एजन्सीला दोष देऊन सुटका होत नाही.

करारातली बारीक अक्षरं

‘९९.९ टक्के सेवा चालू राहील’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ वर्षाला पावणेनऊ तास बंद राहिली तरी करार मोडला नाही. ९९ टक्के असेल तर साडेतीन दिवसांहून जास्त. शिवाय ‘एका तासात प्रतिसाद’ म्हणजे एका तासात दुरुस्ती नव्हे. एका तासात कुणीतरी फोन उचलेल, एवढंच. दोन्ही वेळा वेगळ्या लिहून घ्या.

एजन्सीची माणसं तुमच्या यंत्रणेत ‘ॲडमिन’ या एकाच सामायिक नावाने शिरत असतील तर थांबवा. प्रत्येकाचं स्वतःच्या नावाचं खातं हवं, नाहीतर काही घडल्यावर कुणी केलं हे कधीच कळत नाही. सगळ्यात वरचं खातं तुमच्या कंपनीच्या नावावर, त्याचा पासवर्ड बंद पाकिटात तिजोरीत, आणि वर्षातून दोनदा तो चालतो का हे तपासलेलं. सेवेचं लायसन्सही कंपनीच्या नावे. एका कंपनीत एजन्सी बदलायची वेळ आली तेव्हा कळलं की फायरवॉलची नोंदणी, तिची सेटिंग, इतकंच काय कंपनीचं डोमेनसुद्धा आधीच्या एजन्सीच्या ईमेलवर होतं. ते सोडवायला आम्हाला सात आठवडे लागले आणि त्या काळात जुन्या एजन्सीचं बिल भरत राहावं लागलं. त्यामुळे निघण्याची अट आत शिरतानाच लिहा: किती दिवसांत, काय काय, कोणत्या स्वरूपात परत देणार.

व्हीपीएनऐवजी ‘झीरो ट्रस्ट’ घ्या, असंही हल्ली सगळे सांगतात. कल्पना चांगली आहे आणि २०१० पासूनची आहे. जुन्या पद्धतीत फाटकातून आत आलेला माणूस सोप्यावर बसायचा सोडून कोठीच्या खोलीतही फिरू शकतो, नव्या पद्धतीत दर खोलीच्या दारात ओळख द्यावी लागते आणि ज्या खोलीत काम नाही ती दिसतही नाही. पण कुणाला कोणती खोली दाखवायची ही यादी तुम्हालाच करावी लागते. ती न करता घेतलेली झीरो ट्रस्ट सेवा म्हणजे महागडं व्हीपीएन.

गेल्या वर्षी वेर्ण्याच्या एका मध्यम कंपनीने अखेर असं ठरवलं: यंत्र, पॅच, राखण आणि हेल्पडेस्क एजन्सीकडे, माणसं घेणं-काढणं एचआरच्या बाईंकडे. दर महिन्याच्या एक तारखेला एजन्सी चालू खात्यांची यादी पाठवते आणि त्या ती हजेरीपटाशी ताडून सही करतात. बाईंना कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही, असं त्या स्वतःच म्हणायच्या. पहिल्या महिन्याच्या यादीत त्यांनी सात नावांवर लाल पेनाने रेघ मारली. ती माणसं नोकरी सोडून गेली होती, एकजण तर २०२० सालीच. उरलेल्या नावांमधल्या दोन नावांपुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं होतं. ती कंपनीत कधी कामालाच नव्हती. ती आधीच्या एजन्सीच्या मुलांची खाती निघाली, सगळे अधिकार असलेली, आणि त्यातल्या एकाने तीन आठवड्यांपूर्वी लॉगिन केलेलं होतं.